डॉक्टर सुबोध यांचा टोप

गुणवंत सरांना कोणतीही गोष्ट सांगा, शेवटी त्यांचा एकच प्रश्न यायचा. "मंग याच्यातून संदेश काय निघते?" विनोद सांगितला तरी हाच, कोणी गेल्याची बातमी सांगितली तरी हाच. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या तेरवीला, पंगत बसलेली असताना, सरांनी त्याच्या मुलाला हा प्रश्न विचारला. तो बिचारा हातात बुंदीची परात घेऊन उभा.  मग सरांनीच खुलासा केला की संदेश असा निघतो, बिडी वाईट. म्हातारा जिन्यावरून घसरून मेला होता. पण बिडी ओढायचा हे खरं होतं, म्हणून कोणी वाद घातला नाही.

सर अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि शाळेसमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. उंची बेताची, आवाज मोठा. डोक्यावर केस म्हणाल तर कानामागं चार, तेही एकमेकांशी भांडून वेगवेगळ्या दिशेला गेलेले. नाटकाचं वेड भारी. कोणतंही नाटक असो, सरांना त्यात दोन वाक्यांचं काम द्या, ते शेवटी प्रेक्षकांकडे वळून स्वतःची चार वाक्यं घुसवणारच. खून झालेला, पोलीस आलेले, आणि सर सांगताहेत की पाणी उकळून प्या.

भाचीच्या लग्नात त्यांनी स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं. गणपती झाला, कुलदेवता झाली, आणि तिसऱ्या कडव्यात जेवणाआधी साबणानं हात धुवायचा उपदेश आला. चौथ्यात हगवणीवर मीठ-साखरेचं पाणी. मुहूर्त टळायला लागला तसं लोकांनी मधेच अक्षता टाकून घेतल्या. नवरदेवाकडचा एक म्हातारा मात्र खूश होता. बाप्पा, उपयोगाचं मंगलाष्टक आज पहिल्यांदा आइकलं, असं तो जेवताना सगळ्यांना सांगत होता.

अशा माणसाला त्या काळानं चांगलंच उचलून धरलं. आमच्या वऱ्हाडात तेव्हा शेतीचे फार वाईट दिवस होते. पेपर उघडायची भीती वाटायची. मुंबईहून समित्या यायच्या, दिल्लीहून साहेब यायचे, त्यांच्यामागं कॅमेरे यायचे, आणि जो तो आम्हाला काहीतरी सांगून जायचा. खचू नका. दारू सोडा. लग्नात खर्च करू नका. सकाळी उठून योगासनं करा. भिंती रंगल्या, चौकाचौकात पथनाट्यं झाली. कापसाच्या भावाचं तेवढं कोणी बोलायचं नाही. पीक बुडालं होतं, पण संदेशाला त्या वर्षी तोटा नव्हता.

त्यातच अकोल्याच्या बाबूशेठना टीव्हीची हौस आली. बाबूशेठचं मोठं कृषी केंद्र होतं. बियाणं, खत, फवारणीची औषधं. कमावलं भरपूर, आता समाजासाठी काही करावं असं त्यांना वाटायला लागलं. अमरावती-अकोल्याकडे दिसणाऱ्या एका चॅनेलवर त्यांनी रविवार संध्याकाळची वेळ विकत घेतली आणि दवाखान्याची मालिका काढायचं ठरवलं. नाव ठेवलं 'इलाज आहे'. लेखक गुणवंत सर. डॉक्टर सुबोध ही मुख्य भूमिका, तीही गुणवंत सर. संहितेच्या प्रती माझ्याकडे निघायच्या, त्या नादात मीही सापडलो. माझा चेहरा सरांना मुळातच आजारी वाटायचा.

तर मी त्या मालिकेतला पेशंट. दर भागात पेशंट मीच, फक्त मिशी बदलायची. कावीळ, क्षय, मूतखडा, सर्पदंश, सगळं मला होऊन गेलं. एकदा बसस्टँडवर एक बाई थांबून मला म्हणाल्या, तुमचा भाऊ टीव्हीत भल्ला आजारी पडते बाप्पा, त्याले जपत जा. सर तर मला नावानं हाक मारायचे विसरलेच. रस्त्यात भेटले तरी "काय पेशंट, बरं हाये ना?" असं विचारायचे.

चित्रीकरण अकोल्यात, जुन्या शहरात, शेठच्या गोदामाच्या माडीवर. खाली युरियाची पोती, वर आमचा दवाखाना. एक लोखंडी खाट, एक सलाईनची बाटली आणि मांडववाल्याकडून आणलेला हिरवा पडदा. कॅमेरा फारूकभाईंचा. ते त्याच गल्लीत राहायचे आणि एरवी लग्नांचे व्हिडिओ काढायचे. हात सफाईचा होता, पण लग्नाची सवय काही सुटत नव्हती. पेशंट बरा होऊन घरी निघाला की पडद्यावर वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. सरांनी एकदा दबकत विचारलं की दवाखान्यात पाकळ्या कशाला? फारूकभाई शांतपणे म्हणाले, "सर, रुखसती है. पेशंट की हुई तो क्या हुआ." पाकळ्या राहिल्या.

नर्स कोणी मिळेना, म्हणून सरांनी आपल्या बायकोला उभं केलं. मंदाकाकूंना एकच वाक्य होतं, "हो डॉक्टर." घरात उभ्या संसारात त्यांनी नवऱ्याला कधी हो म्हटलेलं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या ऐकिवात नव्हतं. त्यामुळे रविवारी आमच्या गल्लीतल्या बाया मालिका पाहायच्या त्या केवळ त्या वाक्यासाठी.

बाबूशेठचा नियम सरळ होता. पेशंट आला की पहिले त्याची चूक सापडली पाहिजे. डॉक्टर तपासणार, चूक काढणार, पेशंट रडणार, "माझीच चूक, डॉक्टर" म्हणणार, मग संदेश, मग पाकळ्या, आणि लगेच शेठच्या औषधाची जाहिरात. सरांना यात वावगं दिसलं नाही. शाळेत तेच करायचे ते. एकदा त्यांनी अशी गोष्ट लिहिली की रात्रीचं भारनियमन, मोटर चालत नाही, ओलीत होत नाही, म्हणून शेतकऱ्याचं ब्लड प्रेशर वाढलं. शेठ म्हणाले, यात पेशंटची चूक कुठाय? गोष्ट परत गेली. पडद्यावर आली तेव्हा डॉक्टर सुबोध मला सांगत होते की वीज नसेल तर लवकर झोपावे, प्रकृती सुधारते. मी रडून माझी चूक कबूल केली.

निवडणुकीच्या दिवसात शेठनी डॉक्टरच्या खुर्चीमागं एका पुढाऱ्याचा फोटो असलेलं कॅलेंडर लावलं. तो भाग अर्धा झाला आणि निकाल लागला. पुढारी पडला. उरलेलं चित्रीकरण पुढच्या रविवारी होतं, तोवर भिंतीवर दुसऱ्या पुढाऱ्याचं कॅलेंडर आलं होतं. म्हणजे मी एका पक्षात दवाखान्यात भरती झालो आणि दुसऱ्या पक्षात बरा झालो. कोणाच्या लक्षात आलं नाही. वऱ्हाडात तेव्हा पुढारीही तसंच करत होते.

डॉक्टर झाले की सरांची भाषा पुण्याला जाऊन यायची. एरवी आमच्यासारखंच मले-तुले. पण पांढरा कोट चढला की "आपण तंबाखूचे सेवन करता का?" आणि छातीला नळी लावून, कॅमेऱ्याकडे पाहत ते बोलत सुटायचे. नळी लावून स्वतः बोललं तर छातीतलं काय ऐकू येणार, हे मी विचारलं होतं. ते म्हणाले, "ऐकाचं हाये लोकायनं. मी काहून ऐकू?" क्षयाच्या भागात मी मधेच खोकलो तर केवढे चिडले. अरे पेशंट, थांब ना, संदेश चालू आहे.

आणि टोप. डॉक्टर सुबोधला दाट काळे केस होते, भांग डावीकडे. तो टोप नाटक कंपनीच्या जुन्या सामानातून आला होता आणि उकाड्यात त्याला ओल्या कुत्र्याचा वास यायचा. पण सरांचं त्यावर प्रेम बसलं. कारण टोप घातला की लोक ओळखायचे, नाही घातला की ओळखायचे नाहीत. सुरुवातीला ते उघड्या टकलानं भाजीबाजारात गेले, वांगी निवडता निवडता संदेश दिला, तर भाजीवाली म्हणाली, काका, घ्याची असन तं घ्या. दुसऱ्या दिवशी टोप घालून गेले. तीच भाजीवाली उठून उभी राहिली आणि तिनं जीभ बाहेर काढून दाखवली. तेव्हापासून स्कूटरच्या डिक्कीत हेल्मेट नसायचं, टोप असायचा. ऑटोवाले, बँकेतले शिपाई, कोणीही त्यांना गुडघे दाखवायचं. सर नाही म्हणायचे नाहीत. पाणी भरपूर प्या, एवढं तर सांगायचेच.

मी त्यांची फार टिंगल केली, खोटं कशाला बोलू. पण एका माणसाबद्दल बोलताना सरांचा आवाज खाली यायचा, ते म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माधवदादा. मोर्शीजवळच्या खेड्यात दादांचा संत्र्याचा बगीचा होता. बाप लवकर गेला, तेव्हा दादांनी स्वतःची शाळा सोडून वावर धरलं आणि गुणवंतला शिकवलं. हे सर कधी संदेश म्हणून सांगायचे नाहीत. नुसतं सांगायचे.

दादा रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर टोपी काढून बसायचे. भाऊ बोलायला लागला की घरात कोणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. आणि डॉक्टर सुबोधनं सांगितलं ते सोमवारपासून दादांच्या घरी सुरू. पाणी उकळणं सुरू झालं. संडास बांधला गेला. जन्माची तंबाखू दादांनी एका रविवारी सोडली. मग काही दिवस ते घरच्यांशी, गड्यांशी, एवढंच काय बैलाशीही भांडले, पण पुन्हा हात लावला नाही. बहर चांगला आला की आमच्यासाठी संत्र्यांचं पोतं पाठवायचे, डॉक्टर सुबोधच्या दवाखान्यात द्या म्हणून. त्या सगळ्या मालिकेत खरोखर बरा झालेला पेशंट हा एवढाच.

मग फवारणीचा भाग आला. त्या हंगामात फवारता फवारता माणसं पडत होती, गावोगावच्या बातम्या येत होत्या. सरांनी मन लावून लिहिलं. पेशंट फवारणी करताना पडतो, आणि डॉक्टर सुबोध सांगतात की मास्क पाहिजे, चष्मा पाहिजे, हातमोजे पाहिजेत, आणि हे सामान औषधासोबत दुकानदारानंच दिलं पाहिजे. शेठनी ते वाक्य वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. म्हणाले, गुणवंतराव, एवढं तोंड झाकलेला माणूस दाखवला तर लोकांना वाटेल औषध म्हणजे जहरच आहे. फारूकभाईंची अडचण वेगळी. मास्क आणि चष्मा लावला तर पेशंटचा चेहरा दिसणार नाही, मग रडेल कोण?

सर खिडकीत जाऊन उभे राहिले. चहा आला, गार झाला. आणि एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. ओला दुपट्टा! आमच्याकडे प्रत्येक गड्याच्या खांद्यावर दुपट्टा असतोच. तो पाण्यात भिजवायचा आणि नाकातोंडाला बांधायचा. घरोघरी आहे, बाजारात जायला नको. डोळे उघडे राहतात, रडता येतं. औषधाचं नावही खराब होत नाही. शेठ खूश, फारूकभाई खूश. सगळ्यांचं समाधान करणारा उपाय सापडला की सरांना तो खराच वाटायचा. एखाद्या डॉक्टरला विचारावं, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टर समोरच बसला होता ना, कोट घालून.

तो भाग फार गाजला. मी पंपासकट उत्तम पडलो. डॉक्टर सुबोधनी ओला दुपट्टा कसा बांधायचा ते माझ्या तोंडावर करून दाखवलं आणि म्हणाले, "वाळला की पुन्हा भिजवावा. दिवसभर ओला ठेवावा." मी रडलो. माझीच चूक, डॉक्टर, मी दुपट्टा बांधला नाही. मंदाकाकू हो डॉक्टर म्हणाल्या. पाकळ्या पडल्या.

काही आठवड्यांनी सरांचा दुकानात फोन आला. सरकारी दवाखान्यात ये, एवढंच म्हणाले. मी गेलो तर खाटेवर माधवदादा. अंगाला घाम, तोंडातून लाळ, डोळ्याला नीट दिसत नव्हतं. दिवसभर बगीचा फवारत होते. सोबतचा गडी तोंडाला काहीच न बांधता फवारत होता, त्याला मळमळण्यावर भागलं. दादांनी मात्र दुपट्टा नालीच्या पाण्यात भिजवून घट्ट बांधला होता. वाळू दिला नव्हता. टीव्हीत सांगितलं तसं, तंतोतंत.

खाटेशी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. झोप न झालेल्या, चिडलेल्या. त्यांनी दादांच्या गळ्यातला तो दुपट्टा कापून काढायला लावला आणि विचारलं, "हे कोणी सांगितलं तुम्हाला? ओल्या कापडात औषध जिरत जातं आणि दिवसभर नाकातोंडाशी राहतं. कोणत्या गाढवानं सांगितलं?"

दादांची जीभ जड झाली होती, तरी त्यांनी हात उचलला. "बाई, असं नोका बोलू. डॉक्टर हाये तो. माहा भाऊ हाये." आणि बोट सरांकडे केलं.

बाईंनी वळून सरांकडे पाहिलं. चांगल्या सभ्यपणे विचारलं, "आपण प्रॅक्टिस कुठे करता?"

सर उघड्या डोक्यानं भिंतीला टेकून उभे होते. मराठीच्या शिक्षकासारखं शुद्ध, एकेक शब्द सुटा करून त्यांनी उत्तर दिलं, "मी डॉक्टर नाही. मी शिक्षक आहे." बाई दादांकडे वळल्या.

दादा जगतील की नाही हे बरेच दिवस कोणी सांगत नव्हतं. सर व्हरांड्यात बसून असायचे. मी डबा घेऊन जायचो. एवढी माणसं तिथं मरत-जगत होती, दर घंट्याला काहीतरी घडत होतं. मी वाट पाहत होतो की आता विचारतील, संदेश काय निघते. त्यांनी विचारलं नाही.  शेवटी दादा उठले. पण हात कायमचे थरथरायला लागले आणि नजर अधू झाली. संत्रं सोलायचं म्हटलं तरी कोणी सोलून द्यावं लागे.

दादांना घरी सोडून सर सरळ अकोल्याला आले. शेठ त्या रविवारी लग्नाला गेले होते. सरांनी फारूकभाईंना सांगितलं, आज जे बोलेन ते थांबवू नका. फारूकभाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि खालचं दार लावून घेतलं. मी सवयीनं खाटेवर आडवा झालो. मंदाकाकू सलाईनशेजारी. सरांनी कोट घातला, टोप घातला, नळी मात्र टेबलावर ठेवून दिली. आणि डॉक्टर सुबोध पहिल्यांदा आमच्या भाषेत बोलले.

"ओल्या दुपट्ट्याचा इलाज मी सांगतला होता. तो खोटा हाये. मी कोणाले इचारलं नाही, माह्याच मनानं सांगतला. त्यानं माणूस मरता मरता राह्यला. डब्यात असते ते जहर हाये. ते विकते त्यानं मास्क देल्ला पाह्यजे, हातमोजे देल्ले पाह्यजे. पेशंटची चूक नव्हती. चूक माही हाये."

 

तेव्हा मंदाकाकू म्हणाल्या, "हो डॉक्टर."

सवयीनं म्हणाल्या की कसं, मला आजही ठाऊक नाही. फारूकभाईंनी कॅमेरा बंद केला. त्या भागाला त्यांनी पाकळ्या लावल्या नाहीत.

शेठनी तो भाग पाहिला. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते रागावले नाहीत. चहा मागवला. म्हणाले, "गुणवंतराव, डॉक्टर चुकत नसते. डॉक्टरच चुकला तं पेशंट कोणाकडे जाईन?" नवा संदेश द्यायचा असेल तर खुशाल द्या, जुना खोटा कशाला करायचा, दोन्ही चालू द्या, असं त्यांचं म्हणणं. औषधाच्या कंपनीवाल्यांनाही मास्कचं वाक्य आवडणार नाही, ते सांगायला ते विसरले नाहीत. टेप फारूकभाईंची होती, पण रविवार संध्याकाळ शेठची होती. ती टेप अजून जुन्या शहरात फारूकभाईंच्या कपाटात आहे. दाखवणार कुठे? नवे भाग बंद झाले आणि शेठ जुनेच फिरवून लावायला लागले. त्यात हंगाम पाहून लावायची सोय होती. उन्हाळ्यात उष्माघात, पावसाळ्यात कावीळ आणि फवारणीच्या दिवसात ओला दुपट्टा.

मग सरांनी स्वतःच गावं धरली. शाळा सुटली की स्कूटर काढायची, डिक्कीतून टोप काढायचा, कोट घालायचा आणि पारावर उभं राहायचं. टोप पाहून गर्दी जमायची. सर सांगायचे की मी डॉक्टर नाही, मी सांगितलं ते चुकीचं होतं. लोक हात जोडून ऐकायचे. किती मोठा माणूस पाहा, म्हणायचे, गर्व म्हणून नाही. आणि ओळीनं उभं राहून जीभ दाखवायचे. मी दोनदा सोबत गेलो होतो. एका आजीबाईंनी तर सरांचं सगळं म्हणणं मान डोलवत ऐकलं आणि विचारलं, ते समदं खरं हाये डॉक्टरसाहेब, पण माह्या गुडघ्याले दुपट्टा ओला बांदू की कोरडा?

त्या दिवशी परतताना सरांनी टोप शाळेच्या गॅदरिंगच्या पेटीत टाकला. पुढं तो कितीतरी वर्षं नारदाच्या डोक्यावर होता. सर नोकरी सोडून मोर्शीकडे दादांजवळ राहायला गेले. मंदाकाकूही गेल्या, आणि तिथं त्यांना आता काहीच म्हणावं लागत नाही असं कानावर यायचं.

शेवटचे दिसले ते मोर्शीच्या एसटी स्टँडसमोर, चहाच्या हॉटेलात. हंगाम फवारणीचाच. बाकावर दादा बसलेले, शेजारी सर बशीत चहा ओतून ती दादांच्या ओठाशी धरत होते. मला पाहून दादांनी डोळे बारीक केले, मग ओळखलं, म्हणाले, पेशंट ना तू? बरा झाला का? सर हसले. अंगानं उतरले होते. बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून मी बाबूशेठची बातमी सांगितली. शेठना कुठल्याशा संस्थेनं समाजसेवेचा पुरस्कार दिला होता, आरोग्यविषयक जागृतीसाठी. बातमी सांगून मी थांबलो. जुन्या सवयीनं त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. सरांनी बशी पुसली आणि दादांच्या सदऱ्यावर सांडलेला चहा टिपला.

कोपऱ्यात वर टीव्ही होता. हॉटेलात वावरातून आलेली माणसं, काहींचे पंप बाहेर भिंतीला टेकवलेले, खांद्यावर दुपट्टे. जाहिरात संपली आणि 'इलाज आहे' सुरू झालं. मी पंपासकट पडलो. डॉक्टर सुबोध आले, काळेभोर केस, भांग डावीकडे. माझ्या तोंडाला दुपट्टा बांधायला लागले. दादांनी आवाज ओळखला आणि थरथरत्या हातानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

सर उठले. टीव्हीसमोर जाऊन लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "हे आइकू नका. हे खोटं हाये. ओला दुपट्टा बांदू नका."

कोणी चिडलं नाही. एकजण बाकावरून नुसता वाकला, त्यांच्या बाजूनं पडदा दिसतो का ते पाहायला. मग म्हणाला, "काका, बाजूले सरका ना जरा. डॉक्टरसाहेब काय सांगून राहिले ते आइकू द्या."

सर सरकले नाहीत. भाग संपेपर्यंत तिथंच उभे राहिले, दोन्ही हात पसरून जमेल तेवढा पडदा झाकत. पण ते उंचीनं बेताचे. त्यांच्या टकलाच्या वर डॉक्टर सुबोधचे केस दिसतच होते, आणि आवाज तर सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होता. वाळला की पुन्हा भिजवावा, दिवसभर ओला ठेवावा. शेवटी त्यांच्या डोक्यामागं पाकळ्या पडायला लागल्या, तेव्हा माणसं उठली, पंप पाठीला लावले आणि जाता जाता त्यातल्या दोघा-तिघांनी हॉटेलच्या रांजणात दुपट्टे भिजवून घेतले.